मुसकं बांधलेली गाडी

आमच्या वाडीत पहिली पदवी माझी आणि पहिली चारचाकीही माझीच. हे सांगताना मी लाजत नाही. जुन्नरला वसतिगृहात राहून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, मग बी.एड. केलं आणि आता घोडेगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. गाडी नवी नाही. पिंपरी पेंढारच्या एका टोमॅटोवाल्या शेतकऱ्याकडून घेतलेली, मागच्या सीटला अजून क्रेटांचे ओरखडे आहेत. पण कागदावर नाव माझं आहे आणि स्टेअरिंगवर हातही माझेच.

आमची वाडी आहुप्याच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत. पावसाळ्यात लोक येतात, फोटो काढतात, जातात. पौषातल्या सकाळी कुणी येत नाही. तेव्हा अंगणातल्या बादलीत हात घातला की हाडापर्यंत कळ जाते, आणि गाडीच्या काचेवरचं दव ओल्या फडक्याने पुसावं तर फडकंच कडक होतं. दुपारी त्याच अंगणात ऊन सोसत नाही. असली आमची थंडी, सकाळपुरती, पण चावरी.

त्या वर्षी थंडी आमच्या घरात बाच्या उजव्या हातातून शिरली.

दिवाळीनंतर भात झोडून झालं होतं आणि पेंढ्याची उडवी रचायची होती. पेंढ्या गोल लावत लावत दोन पुरुष उंचीपर्यंत न्यायच्या आणि वर शेंडा बांधायचा. शेंडा आपल्याशिवाय कुणाला बांधता येत नाही, असं बाचं मत. शेंडा त्याने बांधला, चांगला बांधला, आणि उतरताना घसरून उजव्या मनगटावर आला. प्लॅस्टर झालं, निघालं. मनगट जुळलं, पण बोटं आकड्यासारखी वाकून राहिली. मूठ पुरती मिटेना, पुरती उघडेना.

घोडेगावात फिजिओथेरपीच्या एक डॉक्टरबाई बसतात. त्यांनी बाचा हात हातात घेऊन मला स्पष्टच सांगितलं, "एक दिवसाआड आणा. आत्ता बोटं सुटली तर सुटली, नाहीतर अशीच बसतील. आणि आणताना हात गरम राहू द्या. गार हाताला व्यायाम दिला की दुखतं, आणि दुखलं की पेशंट यायचा बंद होतो."

घरी बा जेवायला भिंतीकडे तोंड करून बसायला लागला होता. डाव्या हाताने नाचणीची भाकरी मोडत नाही, म्हणून आई तुकडे करून ताटात ठेवायची. ते कुणी बघू नये म्हणून भिंत.   पण हा माणूस पुन्हा आमच्याकडे तोंड करून जेवला पाहिजे, एवढं मी ठरवलं.

गाडी होतीच. शाळेआधी त्याला दवाखान्यात सोडायचं, परत येताना तो दुपारच्या एसटीने येईल, असा बेत केला. पहिल्याच सकाळी मी ऐटीत हिटरचं बटण फिरवलं. जाळीतून वारा आला, तो थेट भीमाशंकरच्या जंगलातून आल्यासारखा.

बा गोधडीत आणखी आत गेला. "बाय, थंडीत पंखा कशापाई लावलास?"

"पंखा नाही बा, हिटर आहे."

"मंग त्याला सांग की तसं."

डिंभ्याच्या धरणाच्या कडेने रस्ता जातो. तिथं पाण्यावरून धुकं उठून रस्त्यावर येतं आणि काचेच्या फटीतूनही आत येतं असं वाटतं. बा उजव्या हाताने ते बटण बंद करायला गेला. बोटं बटणाभोवती वळली नाहीत. मग आडवा होऊन डाव्या हाताने बंद केलं. घोडेगावला पोचलो तेव्हा त्याचा हात लाकडासारखा झाला होता. आतून तो ओरडला, ते मी बाहेर बाकावर ऐकलं.

संध्याकाळी घरी त्याने जाहीर केलं, "मी आता एसटीनं जातो."

"सकाळची एसटी गच्च असते. मनगटाला कुणाचा धक्का लागला म्हणजे?"

"डायवरशेजारी बॉनेटवर बसंल. लई मस्त गरम आसतंय. तुज्या गाडीपरीस."

आमच्या मार्गावर अजून जुनी एसटी येते. तिचं इंजिनाचं झाकण चालकाच्या शेजारी असतं आणि हिवाळ्यात म्हातारी माणसं त्याच्यावर जागा धरतात. ते मला ठाऊक होतं. पण मी शिकून, नोकरी लागून, गाडी घेऊन शेवटी त्या झाकणापाशी हरावं हे मला झेपलं नाही. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठमोठ्या थाळ्यांना आभाळातलं कुठलं कुठलं पकडता येतं, दरवर्षी मी पोरांना नेऊन दाखवते. आणि मला इंजिनातली ऊब हातभर अलीकडे आणता येत नव्हती.

"एक आठवडा दे मला," मी म्हणाले.

"एक आठवडा दिला. मंग बॉनेट."

आधी मी सगळे करतात तेच केलं. सकाळी उठून गाडी चालू करायची आणि उभी ठेवायची. उभ्या गाडीचं इंजिन गुरगुरत राहतं, पण त्याला काम नसतं, मग ते तापणार कशाने? मी चहा पिऊन आले तरी आतला तापमानाचा काटा तळाशीच. धूर मात्र गोठ्यात गेला आणि आई बाहेर आली. "म्हशीला खोकला लावतीस का आता?"

मग हिटरचा पंखा सुरुवातीला बंद ठेवून पाहिला. इंजिनात जी थोडी ऊब तयार होते ती पंखा लगेच ओढून घेतो, तेव्हा आधी तिला साठू द्यावं. याने वारा गार येणं थांबलं. गरम काही आला नाही.

तिसरी गोष्ट बाने केली. सकाळी बघते तर बॉनेटवर आईची नवी गोधडी.

"बैलाच्या पाठीवर गोनपाट टाकतो ना थंडीत," बा म्हणाला. "ही बी तसलीच."

"बैल स्वतः गरम असतो बा. गोणपाट ती ऊब धरतं. रात्रभर उभ्या गाडीत ऊबच नाही."

"दव तर नाय पडलं?" ते खरं होतं. पण गोधडीला ऑइलचा डाग पडला आणि आईने त्यापुढे आमच्या दोघांशी फक्त कामापुरतं बोलायला सुरुवात केली.

एक गोष्ट मात्र मला या खटपटीत कळली. संध्याकाळी वाडीकडे चढताना हिटर बरा चालायचा, अगदी गरम नाही, पण कोमट. सकाळी उतरताना मात्र काहीच नाही. चढाला इंजिन राबतं म्हणून तापतं. उताराला पेट्रोल जवळजवळ जळतच नाही, वर समोरून गार वारा. म्हणजे मला सकाळी चढ पाहिजे होता. आमच्या वाडीच्या वर देवराईपर्यंत एक खडी चढण आहे. मी गाडी आधी वर नेली, राईच्या तोंडाशी वळवली आणि मग खाली निघाले. रस्त्यात शेजारचे काका दुधाची किटली घेऊन उभे.

"मॅडम, शाळा खाली हाय!"

"माहीत आहे काका."

"मंग देवाला नवस बोललाय का, हिटरचा?"

बा शेजारी बसून खुदुखुदु हसत होता. त्या दिवशी पहिल्या काही वळणांना जाळीतून वारा जरा बरा आला. बाने हात पुढे केला. धरण येईपर्यंत पुन्हा सगळं गार. त्या थोडक्या उबेने मला आणखी चिडवलं. इंजिन तापत होतं, पण ऊब टिकत नव्हती. कुठं जात होती?

समोरच्या वाऱ्याने जात असणार, असं धरून मी शेवटचा उपाय केला. आमच्याकडचे जीपवाले थंडीत रेडिएटरपुढे पुठ्ठा लावतात. मी खताचं रिकामं गोणपाट घेतलं, घडी घातली आणि पुढच्या जाळीवर सुतळीने आवळून बांधलं. दिसायला वाईट, पण त्या सकाळी हिटर घोडेगावपर्यंत कोमट राहिला. दवाखान्यातून बाच्या ओरडण्याचा आवाज आला नाही. मी शाळेत दिवसभर खुशीत होते. इतकी खुशीत की संध्याकाळी गोणपाट सोडायचं विसरले.

त्या दिवशी बा दुपारच्या एसटीने गेला नव्हता. घोडेगावचा बाजार होता, त्याला मिरच्या घ्यायच्या होत्या, म्हणून माझ्यासाठी थांबला. धरण मागे टाकून चढ लागला तसा काटा वर चालला. मध्यावर आला, मध्य ओलांडला आणि लाल रेघेकडे निघाला. तरी डोकं चाललं. इंजिन तापलं की हिटर पूर्ण सोडायचा, तेवढीच उष्णता आत ओढली जाते. मी बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि गाडी बाजूला घ्यायला जागा शोधू लागले.

जाळीतून भट्टीसारखा वारा आला.

"आगं!" बा म्हणाला. "आगं, ह्यो बघ की! झाला की!"

त्याला काटा-बिटा काही माहीत नव्हतं. त्याने उजवा हात जाळीवर धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. मी उतरून सुतळी सोडायला लागले तर बासुद्धा उतरला आणि गोणपाटाकडे बघत राहिला.

"मुसकं बांधलंस व्हय तिला? आन मुसकं बांधून चढाला पळवलीस?"

मळणीच्या वेळी बैलाने धान्य खाऊ नये म्हणून तोंडाला बांधतात ते मुसकं. मी सुतळीची गाठ ओढत राहिले. एक मोटारसायकलवाला थांबून म्हणाला, "मॅडम, चहा टाकलाय का आत?" आणि निघून गेला.

रेडिएटरचं झाकण लगेच उघडता येत नाही, उकळतं पाणी अंगावर येतं. म्हणून आम्ही दोघं रस्त्याकडेच्या दगडावर बसलो. तेव्हा बाने हात माझ्यापुढे धरला आणि बोटं उघडली. सगळी नाही, पण मधली दोन सरळ झाली होती. सकाळी ती तशी होत नव्हती.

"गरम आसलं का सुटत्यात बग," तो म्हणाला.

त्या दगडावर बसून मी विचार केला. हिटर चांगला आहे, हे आत्ताच सिद्ध झालं. पंखा चांगला आहे. पुढून वारा अडवला की इंजिन तापतं. म्हणजे इंजिनातलं पाणी सदा सर्वकाळ पुढच्या रेडिएटरकडे धावत होतं, गाडी गार असतानाही. तसं होता कामा नये. मध्ये एक झडप असते, थर्मोस्टॅट. पाणी तापेपर्यंत ती मिटलेली राहते, पाणी इंजिनातच फिरतं. तापलं की उघडते आणि पाणी रेडिएटरकडे निवायला जातं. मी बाला समजेल असं सांगितलं, "आपल्या खाचराला पाण्याचं तोंड असतं ना, लावणीला पाणी धरायचं म्हणजे तोंड बुजवतोस. तसं याला एक तोंड आहे. आपल्या गाडीचं ते उघडंच राहतंय."

बाने मान डोलावली आणि तोंडात तंबाखू टाकली. समजलं की नाही ते कळलं नाही.

गाडी निवली, ओढ्याचं पाणी भरलं, हळूहळू घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तपासलं. गार गाडी चालू केली आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या जाड पाइपवर, पंख्यापासून लांब, हात ठेवला. झडप जागेवर असेल तर तो पाइप बराच वेळ गार राहायला हवा आणि मग एकदम तापायला हवा. तो सुरुवातीपासूनच इंजिनाबरोबर हळूहळू कोमट होत गेला. आई दारात उभी होती. तिने कामापुरतं विचारलं, "ताप हाय का तिला?"

"नाही. तोच तर आजार."

घोडेगावच्या रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये बाला घेऊनच गेले. मेकॅनिक चाळिशीचा, हुशार माणूस, हात सदा कामात. मी म्हटलं, "गाडी गरम होत नाही."

तो स्पॅनर खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. "मॅडम, लोकं माझ्याकडं गाडी गरम व्हती म्हनून रडत येत्यात. तुमी पयल्याच."

"थर्मोस्टॅट आहे का बघा."

"बघायचं काय त्यात? नसनारच. ही पिंपरी पेंढारची गाडी ना? क्रेटं भरून माळशेज घाट उतरायची आन परत चढायची, उन्हाळ्यात. थर्मोस्टॅटचा वॉल अडकला तर इंजिन बसतंय. म्हनून आमच्याकडं गाडी आली का पयला तो वॉल काढून टाकायचा. टेन्शनच नाय."

"सगळे काढतात?"

"आमच्या उस्तादनं शिकवलंय. मी बी लई काढलेत."

मी त्याला सांगू लागले की सकाळी गार इंजिन पळवलं की ते जास्त झिजतं, पेट्रोल जास्त पितं, हिटर चालत नाही. आता या गाडीला क्रेटं नाहीत, मी आणि बा आणि वह्या. वॉल नवा असला तर अडकायचं कारण नाही. अगदी वर्गात सांगते तसं सांगितलं. तो ऐकत होता, म्हणजे मान हलवत होता आणि हाताने दुसऱ्या गाडीचा नट पिळत होता. शेवटी म्हणाला, "बसवतो, पन उद्या चढाला गरम झाली तर माझ्याकडं भांडायला येऊ नका."

तेव्हा कोपऱ्यातल्या टायरवर बसलेला बा उठला.

"भाऊ, तुमी भातवाले का बागायती?"

"आमी भातवालेच की बाबा. का वो?"

"मंग तुमाला काय सांगायचं. खाचराचं तोंड बुजवल्याबिगर पानी राहतंय का? पानी चढलं का मंग तोंड फोडायचं. तुमी तर तोंडच उपटून घरी नेलंत, आन म्हनता बांध फुटायचं टेन्शन नाय. आरं, पन लावनी कशात करू?"

मेकॅनिक हसायला लागला. खरंच हसला, स्पॅनर मांडीवर आपटून. "बाबा, मास्तर तुमी का ह्या?"

"ही. मला कालच शिकवलंय दगडावर बसून."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. अर्धा तास मी हेच सांगत होते आणि उदाहरणही माझंच होतं. पण बाने मला मास्तर म्हटलं ते चारचौघांत म्हटलं, तेव्हा राग फार टिकला नाही.

वॉल घोडेगावात कुणाकडे मिळाला नाही, कारण कुणी ठेवतच नाही. मंचरहून मागवला. मेकॅनिकने बसवला, नीट बसवला, आधीचं ओढ्याचं पाणी काढून हिरवं कूलंट भरलं आणि रेडिएटरच्या फटींत अडकलेले गोणपाटाचे धागे चिमट्याने ओढून काढले. जाताना म्हणाला, "चढाला काय झालं तर सांगा. न्हाई झालं तरी सांगा. मला बी बघायचंय."

दुसऱ्या सकाळी मी गाडी चालू केली आणि लगेच निघाले, सावकाश. देवराईकडे गेले नाही, गुरगुरत उभी ठेवली नाही. पंखा बंद. बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरेल असं बटण लावलं. बा गोधडीतून बघत होता, आईच्या त्याच डागाच्या गोधडीतून. ती आता गाडीचीच झाली होती.

"कवा?"

"थांब."

"बॉनेटवर आत्तापर्यंत पाठ शेकून निगाली आसती."

"थांब म्हटलं ना."

शेजारच्या वाडीची शाळा गेली, ओढ्यावरचा पूल गेला. काटा तळ सोडून उठला. उतारावरच उठला. मी पंखा एकवर सोडला. वारा गार नव्हता. आणखी दोन वळणं आणि तो कोमट झाला, धरणाच्या कडेला आलो तेव्हा चांगला गरम. बाहेर पाण्यावर धुकं होतं. काचेवर आतून बाष्प धरलं तेव्हा बाहेरची हवा पुन्हा सुरू केली, काच साफ झाली. बाने उजवा हात जाळीवर ठेवला तो घोडेगावपर्यंत काढला नाही. एसटीचं नाव त्याने त्यानंतर घेतलं नाही, परत येण्यापुरतं सोडून.

डॉक्टरबाईंनी त्याचा हात धरला आणि म्हणाल्या, "अरे वा बाबा, आज हात भाकरीसारखा गरम."

"पोरीची गाडी हाय," बा म्हणाला. दार उघडं होतं, मी ऐकलं.

बोटं एकदम सुटली नाहीत. काही दिवस चांगले गेले, काही दिवस तो कुरकुरत परत आला. घरी आई गरम पाण्याच्या पातेल्यात त्याचा हात बुडवून ठेवायची आणि मूठ मीट, उघड असं बजावायची. गोधडीवरून ती कधीच पुरती निवळली नाही, आजही पाहुण्यांना डाग दाखवते. वरच्या वाडीच्या एका जीपवाल्याने मला रस्त्यात थांबवून विचारलं, मॅडम, वॉल बसवल्यावर चढाला तापत नाही ना? मी म्हटलं, नाही. मग त्यानेही बसवला.

माघ सरत आला होता. सकाळची थंडी ओसरायला लागली होती, पण सवयीने मी हिटर लावला. धरणाची कड अजून यायची होती. बा गोधडी मांडीवर घेऊन बसला होता आणि कपाळ पुसत होता.

"लई झालं," तो म्हणाला.

मी बटणाकडे हात नेणार तेवढ्यात त्याने नेला, उजवा. अंगठा आणि दोन बोटं बटणाभोवती वळली, जरा अडली, आणि बटण कट् करून फिरलं. वारा बंद झाला. गाडीत एकदम शांत झालं.

मी त्याच्या हाताकडे बघत होते.

"पुढं बघ," बा म्हणाला. "वळन हाय."